तांबडा दिवा लागला की

तांबडा दिवा लागला की बटण दाबायचं,
एवढंच काम. सिव्हिलमधे, पंख्याखाली.
रात्रीपासून एकही ओढली नव्हती.
दिवा लागायचा, आणि मी
अक्कलकोट रोडच्या शेडमधे
चौथ्या मागावर उभा असायचो.
"राजेशम, सात चुकले," शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली.

मग बाहेर, कडुनिंबाखाली, एक.
दुसऱ्या झुरक्याला छातीत धोटा सुटला,
खट्, खट्, खट्.
परत बसलो. एकही दिवा चुकला नाही.
हसलो. बघा म्हटलं, हिच्याशिवाय
माग चालतोय का कुणाचा?

तिनं नुसतं मनगट धरलं.
मघाशी बहात्तर, आता चौऱ्याण्णव.
एप्रिल. रस्त्यावर डांबर पाघळतंय
आणि माझी बोटं
माठाखालच्या वाळूसारखी.
"जे कधीच ओढत नाहीत ना," वही मिटत ती म्हणाली,
"ते सकाळीच एवढे बरोबर दाबतात."

तीनच्या पाळीला ताण्याचा धागा तुटला.
दिसला, चार बोटं चादर वाया गेल्यावर.
हात आधीच खिशात होता.

घरी नरसव्वा विड्या वळतेय, मांडीवर सूप,
न बघता; हजारात एक वाकडी नाही.
तिनं जन्मात एक ओढलेली नाही.
समोर बसलो. विचारलं,
दिवा लागला तर लगेच कळेल का गं तुला?

"लाईट गेलीय," ती म्हणाली.
"पंखा थांबून किती वेळ झाला."