डावा तळहात

पहाटे साडेचारला उदगीर सोडलं.
जीपमध्ये आम्ही सहा जण मागं कोंबलेले,
पुढच्या सीटवर मन्मथ एकटा,
जुन्या चादरीत गुंडाळलेला,
सीटला रंग लागू नये म्हणून.

रंगाचा पहिला हात रात्री मीच मारला होता.
माझा खांदा निखळला त्या वर्षापासून
मी दुसऱ्यांच्या पाठी रंगवतो.
स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही.
तो विचारतो, "कमरेवरच्या रेघा आल्या का?"
मी म्हणतो, "आल्या."
तो मानतो. आरशाकडं वळतही नाही.

नोकरी दालमिलच्या वजनकाट्यावर.
दिवसभर तूर तोलायची,
मिल बंद झाली की स्वतःला.
काल चौसष्ट किलो आठशे.
"दोनशे ग्रॅम देवानं सोडले," म्हणाला,
"त्याच्याहून जास्त मागू नये."

चौदा आठवडे. अंडं नाही, मासळी नाही.
जलील उस्ताद कपाळाला हात लावायचे:
"अरे, बाकीची पोरं दिवसाला वीस अंडी फोडतात,
तू मटकीवर ट्रॉफी आणणार?"
हा खाली बघून सोयाबीन चावायचा.
आमच्याकडं सोयाबीनचा भाव शेंबड्या पोराला पाठ,
चव मात्र याला एकट्याला माहीत:
मीठ बंद झाल्यावर, ओल्या पुठ्ठ्यासारखी.

नाव बापानं स्वामींवरून ठेवलेलं.
जिममधली पोरं म्हणायची, कामदेव आला.
कामदेवाच्या गालांची हाडं वर आली होती,
ओठांवर पापुद्रे.
ज्या लातूरला एकदा पाणी आगगाडीनं आलं
त्या लातूरला हा वीस तास पाणी सोडून चालला होता.
औशाच्या फाट्यावर टँकर गळत उभा होता, तेव्हा
एवढंच बोलला सगळ्या प्रवासात:
"पाणीच दिसलालंय रे मला सगळीकडं."

मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली.
भिंतीवर कुणाच्या तरी हळदीचे हात,
खाली तेलाचे डबे, रबरी पट्टे,
चाळीस पोरं ओणवी, दम घेणारी.
पंच यादी घेऊन आला.
"गळ्यात, हातात काहीही नको. नियम आहे."
ताईत निघाले, गंडे निघाले, एकाची साखळी.
मन्मथचा हात छातीवर गेला
आणि तिथंच थांबला.

पांढरा शिवदारा, चांदीची करडगी, आत इष्टलिंग.
आठव्या वर्षापासून अंगावेगळं केलेलं नाही.
अंघोळीत नाही, तापात नाही,
बेंचवर शंभर किलो छातीवर घेतानाही नाही,
तेव्हा तो ते पाठीकडं सरकवायचा.

पासष्ट किलोचा गट पुकारला.
"जमिनीवर ठेवायचं नाही," तो म्हणाला.
"खिशात नाही. खुंटीला नाही."
माझा डावा हात ओढून उघडला,
तळव्यावर ठेवलं,
आणि गेला.

मी पडद्याकडेला उभा.
त्यानं छाती फुलवली, दंड वळवले,
पाठ उघडली, तेव्हा रेघा
खरंच आल्या होत्या, मी खोटं बोललो नव्हतो.
माझा हात मात्र थरथरू लागला.
तोळ्या-दोन तोळ्यांचं ते.
याच हातानं मी कधीकाळी चाळीसचा डंबेल मारायचो.
कोपर पोटाशी दाबलं, श्वास धरला.
पंच त्यांना पुन्हा पुन्हा वळवत होते,
पुन्हा साइड चेस्ट, पुन्हा पाय,
आणि घाम माझ्या कानामागून.

तिसरा नंबर पुकारला. मन्मथ बिरादार, उदगीर.
जलील उस्ताद खुर्चीवर चढून ओरडले,
आमची पाच पोरं, अख्खा हॉल.
मला टाळी वाजवता आली नाही.

तो आला. बाटली पुढं केली कुणीतरी,
बाटलीकडं बघितलं नाही.
हात रंगानं, तेलानं बरबटलेले, म्हणून
मान वाकवली माझ्यासमोर.
मी एका हातानं, दातांनी गाठ सोडवून,
कसाबसा शिवदारा घातला.

मग पाणी प्यायला. उभ्यानं नाही, बसून.

शिवदाऱ्याला मानेपाशी तपकिरी डाग पडलाय.
आई म्हणते बदल.
तो म्हणतो, श्रावणात बघू.