काकवी बसत नाही

भडंगातले शेंगदाणे वेगळे काढून
सम्मेदनं वाटीत ठेवले, माझ्या शिलाई मशीनवर,
आणि फोनमधल्या माणसाचं बघून बोट वर केलं :
बस.

काकवी उभीच.
तिनं बोटाकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
या पोराचं काय करायचं, असं.

महिनाभर हेच.
पाडवा झाला, यार्डात हळदीचे सौदे रंगात आले,
आमच्या गल्लीतले पत्रे दुपारी तापायला लागले,
आणि सम्मेद शाळेतून आला की दप्तर न काढता
बस. बस. बस म्हटलं ना.
शेंगदाणा तिच्या नाकावरून डोक्यामागं नेऊन बघितला
(फोनमधलं कुत्रं तेवढ्यात बसतं),
काकवी मागं मागं सरकत गेली
आणि कपाटाला टेकून थांबली, उभीच.

हे म्हणाले, पोती राखणारं कुत्रं ते,
त्याला सर्कस कशाला?
मगदूमकाकू म्हणाल्या, बहिरी असंल.
बहिरी कसली!
डब्याचं झाकण निघालं की गच्चीवरनं खाली यायची.

ती आली बसाप्पाच्या ट्रकमधनं, अथणीकडनं,
क्लीनरच्या मांडीवर बसून.
रंग पातळ गुळाचा, पंजे हळदीनं पिवळे.
नाव आम्ही ठेवलं.
आधीचं काय होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.
माझंही कुणी विचारत नाही आता.

त्या दिवशी काकूंच्या पुतणीचा ब्लाऊज होता,
संध्याकाळी हळद, काखेत घट्ट,
उसवून पुन्हा शिवत होते
आणि ही पायडलपाशी घुटमळतेय, शेपटी चाकात जाईल अशी.
सुई बोटात गेली.
तोंडातनं निघून गेलं :
कुंद्रु!

ती बसली.
पहिल्या बाकावरची मुलगी बसते तशी,
शेपटी पायाशी गोळा, छाती पुढं.

मशीन थांबलं.
मी बोट तोंडात धरून बघत राहिले.
हा माझ्या अव्वाचा शब्द.
वेणी घालताना मला गुडघ्यांत दाबून धरायची
आणि म्हणायची, कुंद्रु, कुंद्रु.
लग्न होऊन सांगलीत आले
तेव्हा पहिल्याच पंगतीत भात नको म्हणून
‘साकु’ म्हणाले होते.
नणंदा हसल्या. वाईट नव्हत्या, नुसत्या हसल्या.
तेव्हापासून मी पुरे म्हणते. सोळा वर्षं.

दार लावून घेतलं. हळूच म्हटलं,
कै कोडु.
पंजा माझ्या तळहातावर,
नखांच्या मुळाशी अजून थोडी हळद.
बा इल्ले. आली.
मक्को. चिंध्यांच्या ढिगावर आडवी झाली,
एक डोळा वाटीवर.
वाटी संपली. ब्लाऊज उशिरा गेला.
काकू बोलल्या, बोलू देत.

सम्मेद आधी रुसला.
म्हणजे तिला सगळं येत होतं? मग येडा मीच?
मग गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर
कानडी शब्द लिहून घेतले.
तो कुंद्रुचं कुंदरू करतो.
काकवी एक कान वाकडा करते, थांबते,
आणि बसते, पाहुण्याचं मन राखावं तशी.

लोळायचं मात्र तिला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.
ते त्यानं शिकवलं, चटईवर स्वतः लोळून,
तीन दिवस, शर्टभर केस.
आता लोळ म्हटलं की लोळते.
तेवढं एक मराठीत.

परवा अव्वाला फोन लावला,
हातात कात्री होती म्हणून स्पीकरवर ठेवला.
बोलता बोलता ती तिकडं कुणावर तरी,
बहुतेक भावाच्या पोरीवर, ओरडली :
कुंद्रु!

इकडं काकवी बसली.
आणि आता लपवून काय करू,
कापड धरून उभी होते ती
मीपण.