घरगुती वापरापुरती

पाटीवर होतं: ह. झे. वाणी, वकील, तळोदे.
मी त्यांचा कारकून. सतरा वर्षं दौत भरली, दमणी जुंपली,
अक्राणीहून उतरणाऱ्या पक्षकारांची नावं
ऐकू आली तशी लिहिली.
फी कुणी चारोळीत दिली, कुणी डिंकात.
एकाने टेबलावर तिरकामठा ठेवला नि निघून गेला;
तो अजून खुंटीला आहे, दोरी सैल.

मग ते कौन्सिलात निवडून गेले.
हातोड्याला नावेतून तापी, नंदुरबारला रात्रीची गाडी,
फडक्यात कळण्याची भाकर,
ट्रंकेत एकच दुरुस्ती, सात वेळा खोडलेली:
मोहाची फुलं घरगुती वापरापुरती वेचल्यास
गुन्हा समजू नये.

तीन अधिवेशनं गेली.
छापील अहवालात त्यांच्या भाषणाच्या मधोमध दोनदा आलंय,
सभासदाचे शब्द ऐकू आले नाहीत.
तरी दुरुस्ती पास झाली. तार आणणाऱ्याला
आम्ही गूळ-शेंगदाणे दिले, वर चार आणे.

पुढच्याच चैत्रात वेस्त्या पावऱ्याला धरलं.
चार मण फुलं, खळ्यावर वाळत घातलेली.
साहेब हसत उभे राहिले,
आपल्याच शेतात शिरावं तसे कलमात शिरले.
मामलेदार म्हणाले, घर म्हणजे किती माणसं?
साहेब वळले:
“वेस्त्या, तुन्हा घरमा कितला मानसं शेतस?”
वेस्त्याने दोन्ही हातांची बोटं मोजली,
माझी मोजली, पट्टेवाल्याची मोजली,
मग खिडकीतून डोंगराकडे हात केला.
आख्खा पाडा.

एक चूल, एक घर, असं लिहून घेतलं कचेरीनं.
दंड पंधरा रुपये. फुलं जप्त.

दंड साहेबांनी भरला.
संध्याकाळी कोट न काढता ओट्यावर बसले.
“शब्द माझाच होता रे,” एवढंच.

पुढच्या निवडणुकीत पडले. कुणी फार हळहळलं नाही.
वकिली चालू राहिली, पण पक्षकार आला
की गुन्हा नंतर विचारायचे;
आधी, तुझ्यासोबत जेवतं कोण कोण?
आणि मी लिहायचो. मावसभाऊ, विधवा वहिनी,
वाट चुकून आलेला नि राहिलेला कुणी म्हातारा.

कोर्टात ती वही कधीच चालली नाही.
ते गेल्यावर माझ्याकडे आली.
शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात
त्यांचं स्वतःचं घर मोजायला घेतलेलं आहे.
बायको. दोन मुली. बैल, मोर्‍या आणि पवळ्या.
खाली माझं नाव,
खोडलेलं,
पुन्हा लिहिलेलं.