फहाहील, जानेवारी

रात्रपाळीचे बूट वाळूत काढते.
बोटांना अजून स्पिरिटचा वास.
लांब रिफायनरीची ज्योत, तिची ऊब
इथवर पोचत नाही.

घोटे, गुडघे. मग कंबर.
इथं दर वेळी आई आठवते, शिवीसकट.
मग एकदम मान.

श्वास कुणीतरी हिसकावून घेतं
आणि मोजून परत देतं,
सुटे पैसे दिल्यासारखा.

विहिरीत शिकले तेव्हा पाठीला पांगारा बांधलेला.
आज पाठीवर काहीच नाही,
अकरा नंबरची खाटसुद्धा
मघाशी कुठंतरी उतरून गेली.

उम्म हमद काठावरून ओरडते, "बस, बिन्ती!"
दात वाजतायत. थर्मासचं झाकण फिरेना.
आणि महिनाभर अडलेली ओळ
नाकातल्या खाऱ्या पाण्यासारखी
आपसूक ओघळते.

लिहायला एकही बोट कोरडं नाही.