झोश्का गेल्यावरही

व्रोत्सवाफहून आणलेले डेलियाचे कंद
बुटांच्या खोक्यात, कोरड्या भुशात निजलेले.
तिकडे आईच्या गॅलरीत
मे लागला की मातीत जायचे ते.
सुवाऊकीत येऊनही सवय सुटली नाही.
एप्रिलातच एकाने डोळा उघडला,
जांभळट, तांदळाएवढा.
मी सातही जण दुधाच्या रिकाम्या खोक्यांत लावून
खिडकीशी बसवले.

पाकिटावर छापलंय: मेच्या मध्यावर बाहेर लावा.
कुठल्या गावच्या मेच्या, ते छापलेलं नाही.

कुंपणापलीकडे तेओदोझ्याबाई
जेरॅनियमच्या कुंड्या सकाळी उन्हात मांडतात,
तिन्हीसांजेला आत नेतात.
चौतीस कुंड्या, दोन गुडघे,
त्यातला एक बदललेला.
विचारलं, लावू का आता?
म्हणाल्या, थंड माळी यायचेत अजून.
पांक्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी,
बारा, तेरा, चौदा मे.
संत खरे, पण येतात चोरासारखे,
फाटक न वाजवता.
आणि पंधराला त्यांच्या मागोमाग झोश्का,
थंडगार झोश्का,
स्कर्टचा घेर झटकत,
जे जे कोवळं त्याला बोट लावून बघत.

झोश्का आली. गेली.
सोळाला ऊन असं की मी अंगणात अनवाणी.
सतराला खड्डे खणले, सात.
बाईंनी कुंपणावरून पाहिलं, हात पुसले,
आणि मला त्यांच्या शेडमध्ये नेलं.

दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने
वर्षं, आणि पुढे शेवटच्या हिंवाची तारीख.
१९ मे. २३ मे.
११ मे, शेजारी बारीक अक्षरात: लबाड वर्ष.
२ जून, खाली दोन रेघा.
एका वर्षापुढे काहीच नाही.
मी तिथे बोट ठेवलं.
"त्या मेमध्ये हिएरोनिम दवाखान्यात होता.
पडलं असेल. मी बघितलं नाही."

मग माझ्या अंगणाकडे हात केला.
"तुझी जमीन माझ्याहून हातभर खाली.
थंडी पाण्यासारखी असते, पोरी,
उताराने येते, खळग्यात साचते.
माझ्या तारखेत तू चार दिवस मिळव."

मी मान डोलावली
आणि घरी येऊन सातही लावून टाकले.

चोवीसच्या रात्री वारा पडला.
चांदण्या जरा जास्तच स्वच्छ.
अकराला खिडकीवर टकटक:
गाऊनवर कोट, खांद्यावर चादरींची चवड.
एक शब्द नाही. "मी सांगितलं होतं" हेसुद्धा नाही.
चादरी पुरल्या पाचांना.

सकाळी त्या खळ घातल्यासारख्या कडक.
उचलल्या तर कडेने मोडल्यागत वाजल्या.
खाली पाच हिरवे.
उरलेले दोन काळे, लिबलिबीत,
उकडून विसरलेल्या भाजीसारखे.
"कापून टाक, उपटू नकोस," बाई म्हणाल्या,
"खालचं अजून झोपलंय."

पेन्सिल माझ्या हाती दिली.
मी लिहिलं, २५ मे.
"पाच नीट काढ. तीनसारखा दिसतोय."

परवा आईचा फोन.
तिच्याकडे ठेवलेल्या कंदांना कळ्या आल्यात म्हणे.
तुझे कुठवर?
मी खिडकीतून पाहिलं. चौतीस कुंड्या
काल रात्री पहिल्यांदाच बाहेर झोपल्या होत्या.
म्हटलं, आई, इथे मे आत्ता कुठे संपतोय.
ती म्हणाली, अगं, आज जूनची पाच तारीख.