उठतंय आणि बसतंय

मुरलीधर करडे पिशवी घेऊन आले तेव्हा
आधी डबीच दाखवली त्यांनी.
तांब्याची, स्वतः मठारलेली, झाकणाला बिजागरी,
आत पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर
आणि यूएसबीच्या दोरीने बांधलेली काळी हार्डडिस्क.
"परवापासून उठत नाही," म्हणाले.
मोठ्याने. तांबट आळीत सगळे मोठ्यानेच बोलतात,
ठोक्यांच्या वरून बोलायची सवय.

डिस्कवर आळीची मापं होती.
घंगाळं, बंब, देवळांचे कळस,
तेलकट वह्यांच्या पानांचे फोटो काढून
नातवाने चढवलेले: घेर सुतात, उंची बोटांत.
नातू आता पुण्याला.

पहिला संशय मी डबीवर घेतला.
तांबं ते, कुठेतरी टेकलं असेल.
बोर्ड काढून वर्तमानपत्रावर ठेवला.
काका काही बोलले नाहीत,
डबी उचलून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले,
कुणी घरच्या मुलावर चोरीचा आळ घ्यावा तसे.
डबी निर्दोष निघाली.
मी तसं म्हणाले नाही, म्हणायला हवं होतं.

मग केबल बदलली.
निळ्या खोबणीतून काळीत, काळीतून निळीत.
डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली:
मापं जागच्या जागी, एक पान गहाळ नाही.
परत बोर्डाला लावली.
इंद्रधनुष्याचा चौकोन, वरच्या कोपऱ्यात चार लाल फळं,
भराभर ओळी,
आणि शेवटी इंग्रजीत एक लांब किंकाळी,
तिचं तात्पर्य: मूळ सापडत नाही.
सुरुवात नखाएवढ्या कार्डावर, बाकी सगळा संसार डिस्कवर;
कार्ड उठतं, आणि घर नसतं.

लाल दिवा मात्र लागलेला.
दिव्याचं काय, दुतोंड्या मारुतीसारखा तो,
पाणी कुठवर आलं ते सांगेल,
का आलं ते नाही.

चहा आला. काकांनी चहा ठेवून दिला
आणि डिस्कवर दोन बोटं टेकवली,
डोळे मिटून, नाडी बघतात तशी.
त्यांना डाव्या कानाने काहीच येत नाही, उजव्याने थोडं.
"लाव पुन्हा."
लावलं.
"उठतंय," म्हणाले. "आणि बसतंय.
उठतंय. बसलं.
अगं, याला जेवायला कमी पडतंय."

मग मी दिव्याकडे नीट पाहिलं.
तो क्षणभर मिटत होता, पुन्हा पुन्हा.
इतका वेळ मला वाटलं माझीच पापणी लवतेय.
चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचली:
एक अँपिअर. मोबाईलचा.
खरा चार्जर नातवाच्या बॅगेतून पुण्याला गेलेला.

शालिमारला जाऊन तीन अँपिअरचा आणला.
दिवा स्थिर. डिस्क घुमायला लागली.
आणि तरीही तीच किंकाळी.
काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या पेल्याकडे.

बोटं मात्र अजून डिस्कवरच होती त्यांची.
"आता उठतंय ते," म्हणाले, "पण सावकाश.
तुझं यंत्र थांबत नाही."

खरं होतं. म्हातारी डिस्क ती,
आणि बोर्ड एकदा हाक मारून दाराला कडी लावतो.
कार्डावरच्या एका ओळीत
मी एवढंच लिहिलं: दहा सेकंद थांब.

चौकोन. फळं.
मग काहीच नाही.

"ही फळं कसली?"
"रासबेरी."
"आपल्याकडे होतात?"
"नाही वाटतं. आपल्याकडे द्राक्षं."
"मग द्राक्षं का नाही काढली?"

याला मी काय उत्तर देणार होते कोण जाणे,
ओळी धावायला लागल्या,
पडद्यावर पहिलं पान उघडलं:
बंब, मोठा, घेर अठ्ठेचाळीस सूत.
"चूक आहे," काका म्हणाले. "बावन्न. माझ्या बापाचा आकडा असाच होता, दोन आठासारखा."

पैसे मोजून दिले. घासाघीस नाही.
नव्या चार्जरची पिन जाड, डबीच्या भोकातून जाईना;
तर माझ्याच पायरीवर बसून
त्यांनी खिशातून गोल कानस काढली.
कुर्र कुर्र, तांब्याचा लाल भुगा
माझ्या उंबऱ्यावर.
मी झाडू आणला, आणि तो
थोडा वेळ तसाच हातात धरून उभी राहिले.