ओढ

ट्रोम्सोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य बुडतो
तो जानेवारी अर्धा होईतो वर येत नाही.
भर दुपारी बाराला आभाळ
निळीच्या उरलेल्या पाण्यासारखं होतं थोडा वेळ,
तीच सकाळ आणि तीच संध्याकाळ.

अशा एका दुपारी नवारच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं.
नवार अलेप्पोचा, इथे बोटी दुरुस्त करतो.
पेगाह शिराझची; तिचे ओले मोजे हीटरवर.
इदिल बुराओची, बस चालवते, बोलते कमी.
मी इब्तिहाज, ओमदुरमानची, इस्पितळात रात्रपाळी.
दीन चौघांचाही सुटलेला,
कुणाचा भांडून, कुणाचा मार खाऊन,
माझा नुसताच,
जशी चहातली साखर सुटते.

कॉड शिजत होता.
नवार म्हणाला, "मला तो कावळा अजून आवडतो."
कुठला ते कुणी विचारलं नाही.
भावाला मारून बसलेला तो पहिला भाऊ,
प्रेताचं काय करतात हे ठाऊक नसलेला,
आणि समोर माती उकरून दाखवणारा पक्षी.
"देवदूत नाही पाठवला. कावळा पाठवला.
आमच्या सामिरला पुरायला कुणीच नव्हतं रे,
मी तेव्हा ग्रीसच्या छावणीत, रांगेत."
त्यानं बटाट्यात सुरी खुपसून पाहिली.
अजून कच्चा होता.

पेगाहला अशा बोलण्याची चीड येते.
"आणि बायकांवरची पानं? ती सोयीनं विसरलास?"
विसरला नव्हता. कुणीच विसरलं नव्हतं.
बराच वेळ नुसतं झाकण थडथडत राहिलं.
मग तीच, मोजे उलटे करत:
"ती मुंगी मात्र...
सैन्य येतंय, घरात शिरा, म्हणून ओरडणारी.
आणि राजाला ते ऐकू येतं, तो हसतो.
तेहरानच्या रस्त्यावर पळताना मला वाटायचं,
मुंगीचं ऐकू येणारं
एखादं तरी सैन्य असावं."

माझं पान वेगळं.
एक आंधळा काही विचारायला येतो
आणि ज्याच्याकडे येतो
तो कपाळाला आठी घालून तोंड फिरवतो;
गावातली मोठी माणसं बसलेली असतात ना समोर.
आणि वरून बोल लागतो तो त्यालाच.
स्वतःची खरडपट्टी
कोण जपून ठेवतं इतकी शतकं, रोज मोठ्यानं म्हणत?
रात्री तीनला सतरा नंबरची बेल वाजते.
म्हातारे हानसेन, दृष्टी गेलेली,
पाणी हाताशीच असतं,
त्यांना कुणीतरी यायला हवं असतं फक्त.
माझ्या कपाळाला आठी पडते,
मग ती दुसरी आठी आठवते,
मग जाते.
विश्वास नाही राहिला. आठी राहिली.

सगळ्यांनी इदिलकडे पाहिलं.
"माझं काही नाही," ती म्हणाली.
"लाकडी पाटी, कोळशाची शाई,
ओळ चुकली की छडी, पाटी धुवायची, पुन्हा ओळ.
तुम्हाला काय ठेवायचं ते ठेवा."

जेवलो. मासा खारट झाला होता, तसं सांगितलंही.

भांडी विसळताना नवार पुटपुटायला लागला
ती शपथ,
चढत्या उन्हाची, मग निवलेल्या रात्रीची,
त्यापुढचं ते, की तुला टाकलेलं नाही.
खिडकीबाहेर साडेतीन वाजलेले, मिट्ट काळोख,
बर्फ खरवडत जाणारा ट्रॅक्टर.
इथे उन्हाची शपथ घेणं म्हणजे थट्टाच,
पण कुणी हसलं नाही.
एका जागी तो घाईनं पुढे गेला.

"तसं नाही ते."
इदिल. पाठमोरी, कोपरापर्यंत फेस.
"ते अक्षर लांब आहे. ओढ."

तो मागे आला, पुन्हा म्हणाला.

"अजून," ती म्हणाली.
"ओढ."